बोळा सैल नव्हता

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संशोधन केंद्राचे संचालक आदरणीय डॉ. अभय सांगवेकर सर, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले उद्योजक श्री. विक्रमशेठ तापकीर, आजचे सत्कारमूर्ती श्री. कचरू सोनबा रोकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे रोकडेमामा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सहचारिणी कांताबाई आणि कन्या नम्रता, माझे सहकारी, विद्यार्थी, कार्यालयातली मंडळी, आणि बटाटेवड्यांच्या टेबलाजवळच्या खुर्च्या ज्यांनी मोठ्या दूरदृष्टीने आधीच पकडून ठेवल्या आहेत असे मागच्या रांगेतले सर्व श्रोते, नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी वीस घेणार आहे. सर, घंटेवरचा हात काढा, कारण सांगते.

आत्ता, या क्षणी, वरच्या मजल्यावर आमच्या प्रयोगशाळेत एक काचेची थाळी लाल रंगात बुडवून ठेवलेली आहे. मी स्वतः तिच्यावर रंग ओतून, हात न धुता, म्हणजे धुऊन, पण लाल निघाला नाही म्हणून हे असे लाल हात घेऊन जिना उतरून आले. हे बघा. कांताबाई, मेंदी नाही ही. पंधरा मिनिटं रंग ठेवायचा, मग तो ओतून टाकायचा आणि पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्याने धुवायचं. त्यातली दहा गेली, वीस राहिली. थाळी घेऊन माझी विद्यार्थिनी उत्कर्षा त्या दारातून येईपर्यंत मी इथून हलणार नाही. खाली बसले तर मला नखं खायची सवय आहे आणि आज नखांना रंग आहे.

थाळीत काय आहे? एक बुरशी. आणि त्या बुरशीवर रोकडेमामांचं काहीतरी अवलंबून आहे. काय, ते सांगायला मला बावीस वर्षं लागली, तेव्हा तुम्हाला वीस मिनिटं जड जाऊ नयेत.

आधी थोडं शास्त्र. वडे गार होणार नाहीत, झाकलेत, मी बघून आलेय. झाड उभं राहतं ते कशाच्या जोरावर? पेशींच्या भिंतींच्या. आणि त्या भिंती मुख्यतः कशाच्या? सेल्युलोजच्या. सेल्युलोज म्हणजे साखरेचे कण एकमेकांना जोडून केलेल्या लांबच लांब साखळ्या. लाकूड, पेंढा, कागद, तुमच्या अंगावरचा सुती सदरा, सगळ्यात हेच. कापूस तर जवळजवळ नुसतं सेल्युलोजच. म्हणजे आपण सगळे इथे साखर नेसून बसलो आहोत. मग सदऱ्याची बाही चघळली तर गोड का लागत नाही? कारण ती साखळी आपल्याला तोडता येत नाही. बुरशीला येते. तिला ना दात ना पोट. ती एक एन्झाइम बाहेर सोडते, सेल्युलेज त्याचं नाव, ते साखळी तोडतं, तुकड्यांची साखर होते आणि बुरशी ती आरामात पिते. आधी पचवायचं आणि मग खायचं. आपण आधी खातो आणि मग पचेल का याची काळजी करत शतपावली घालतो.

आपले पाहुणे विक्रमशेठ हिंजवडीच्या पुढे जीन्स धुण्याचा कारखाना चालवतात. नव्या कोऱ्या पँटी घेऊन त्या जुन्या दिसतील अशा करायच्या, म्हणजे तरुण मंडळी त्या जास्त किमतीला घेतात. हे पूर्वी दगड टाकून करत. आता हे एन्झाइम टाकलं तर कापडाचा वरचा थर अलगद उतरतो. विक्रमशेठ मघाशी चहा घेताना मला म्हणाले, "मॅडम, मला त्यातलं शास्त्र काय कळत नाय. तुमचं ते चालतंय का नाय तेवढं सांगा, म्हंजी आम्ही दगडं बंद करतो." विक्रमशेठ, वीस मिनिटं. आता अठरा.

तर मामांकडे येते.

मामा या संस्थेत अडतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे काचसामान धुणं, ते मोठ्या कुकरमध्ये वाफवून निर्जंतुक करणं, बुरशीचं खाद्य शिजवणं आणि बोळे करणं. आजच्या मुलांना बोळे ठाऊक नाहीत, तुम्हाला सिलिकॉनची बुचं आयती मिळतात. आमच्या वेळी प्रत्येक फ्लास्कच्या तोंडाला कापसाचा बोळा असायचा. बोळ्यातून हवा आत जायला हवी, पण हवेतलं काही आत जायला नको. सैल झाला तर नको ते पाहुणे आत येतात, घट्ट झाला तर आतल्याचा जीव गुदमरतो. चांगला बोळा कोणता? नुसत्या बोळ्याला धरून भरलेला फ्लास्क उचलला तरी पडत नाही, आणि काढताना 'पुक्' असा एकच आवाज येतो, तो. मामांचे वडील सोनबा खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. मामा सांगायचे, "आमच्या बाबांनी एकच शिकवलं. झाकण लावलं की वळून एकदा बघायचं." मामा एका बैठकीत दोनशे बोळे करत आणि दोनशेंकडे वळून बघत. मी स्वतः एकदा बोळा करून पाहिला. मामांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "छान आहे. उशीत घाला."

हसा, हसा. मी तेव्हा हसले नव्हते. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होते, एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पीएच.डी.साठी परदेशातून मागवलेली एक बुरशी मी वाढवत होते. वाढवत होते म्हणजे मी बघत होते, वाढवत मामा होते.

जुलै २००३. कापूस संपला होता. भांडाराला मागणीपत्र मी लिहिलं. काय लिहिलं? "कापूस, एक गठ्ठा." सही, तारीख. आता इथे बसलेल्या जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावलेला मला दिसतोय. कारण कापूस दोन प्रकारचा. आपल्याला लागतो तो पिवळसर, नैसर्गिक मेण अंगावर असलेला, पाण्याला दाद न देणारा. आणि दवाखान्यात जखम पुसायला असतो तो पांढराशुभ्र, मेण काढून टाकलेला, ओल धरणारा; आणि ओल्या बोळ्यावर हवेतली बुरशी रुजते. कोणता ते मी लिहिलंच नव्हतं. भांडाराने पांढराशुभ्र पाठवला. मामा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, हा दवाखान्याचा कापूस आहे. हा पाणी पितो."

मी मान वर न करता म्हणाले, "मामा, कापूस तो कापूस. करा बोळे."

"करतो की," मामा म्हणाले. "कागदावर सही तुमची आहे."

आठवड्याने मी कपाट उघडलं तर चौदा नंबरच्या फ्लास्कचा बोळा मधोमध बसका होऊन आत पडलेला, आणि आत माझ्या परदेशी पाहुणीचा पत्ता नाही. तिच्या जागी कुणीतरी भलतीच हिरवट बुरशी पसरून बसली होती. दोन महिन्यांचं काम गेलं. मी रडले, हे कबूल करते. आणि मग रडणाऱ्या माणसाने जे कधीही करू नये ते केलं, टेबलाशी बसून अर्ज लिहिला. "परिचर श्री. रोकडे यांनी बोळे सैल बसवल्यामुळे माझ्या प्रयोगाचे नुकसान झाले आहे." कार्यालयाने तत्परतेने मामांना मेमो दिला. अकरा ऑगस्ट. आपल्या कार्यालयाने काही तत्परतेने केल्याची माझ्या माहितीतली ती एकच घटना.

मी मामांना एका शब्दाने विचारलं नाही. का नाही विचारलं? माझे मार्गदर्शक चुकले असते तर मी दहा वेळा विचारून मग माझंच चुकलं असं ठरवलं असतं. मामांच्या बाबतीत मला विचारायची गरजसुद्धा वाटली नाही. असं का, ते मला आज नीट कळतं, आणि या सभागृहातल्या बऱ्याच जणांना न सांगता कळलं असेल. त्याची मला लाज वाटते. हे एवढं वाक्य मी घरून पाठ करून आले होते, ते झालं. पुढे जाऊ या.

थांबा, मोबाइल वाजला. उत्कर्षाचा निरोप. "मॅम, रंग काढला. मिठाचं पाणी ओतलंय. अजून काहीच दिसत नाहीये, बट इट्स टू अर्ली." बरं. पंधरा मिनिटं. सर, आता घंटा कुणीतरी टेबलाखाली ठेवा बरं.

मेमो मिळाल्यावर मामांनी काय केलं? उत्तर लिहिलं नाही. युनियनकडे गेले नाहीत. माझ्याशी बोलणंही सोडलं नाही, रोज "गुड मॉर्निंग ताई" चालूच. चौदा नंबरचा फ्लास्क मी फेकायला दिला होता, त्यातला तो कुजका बोळा त्यांनी चिमट्याने काढला. दोन स्वच्छ बाटल्या घेतल्या, दोन्हींत त्याच गठ्ठ्यातला ओला बोळा ठेवला, वाफवल्या. एकीतल्या बोळ्याला कुजक्या बोळ्याचा कण लावला. दुसरीला काहीच लावलं नाही. आणि दहाव्या दिवशी दोन्ही माझ्यासमोर आणून ठेवल्या.

"ताई, बोळा सैल नव्हता."

"मग?"

"खाल्लाय."

"कुणी? उंदरानं?"

"ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. मी नुसतं दाखवायला आणलं."

पहिल्या बाटलीतल्या बोळ्याचा लगदा झाला होता. तळाशी पाणी आणि वर हिरवट साय. दुसरीतला बोळा जसाच्या तसा, नव्या नवरीसारखा. मी विचारलं, "आणि ही दुसरी कशाला?"

मामा म्हणाले, "यात काही लावलं नाही. नाहीतर तुम्ही म्हणाल, कापूसच सडका होता."

विद्यार्थी मित्रहो, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? कंट्रोल. त्याशिवाय प्रयोग हा प्रयोग नसतो, हे मी पुढे अठरा वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. मामा सातवी पास. आणि पहिल्या वर्गातली एम.एस्सी. एका माणसावर आरोप करताना ते विसरली होती!

दहा दिवसांत कापसाचा लगदा करणारी बुरशी म्हणजे काय चीज आहे ते माझ्या मार्गदर्शकांना एका नजरेत कळलं. परदेशी पाहुणी गेली उडत. ही आगंतुक आमची झाली. तिच्यावर माझा प्रबंध झाला, तीन शोधनिबंध झाले, मला नोकरी लागली, आज तुमच्यापुढे शाल पांघरून उभी आहे तीही तिच्याच जिवावर. आणि मामांचं नाव कुठे आलं? आलं की. पहिल्या निबंधाच्या शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. "काचसामान धुतल्याबद्दल श्री. रोकडे यांचे आभार." कांताबाई, तो निबंध तुमच्या घरी चौकटीत लावलाय असं मला नम्रताने सांगितलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आणि मेमो? मेमो मागे घ्यायला हवा होता. अर्ज माझा, तेव्हा मागेही मीच घ्यायचा. दोन ओळींचं काम. उद्या लिहू म्हटलं. मग परिषद आली, मग प्रबंध, मग लग्न, मग बाळंतपण. मग मी विसरले. विसरण्यासारखी गोष्ट नव्हती, पण ज्याच्यावर ती बेतलेली नसते तो विसरू शकतो. गेल्या आठवड्यात कार्यालयातून कळलं, २०११ साली प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा निघाली होती, यादीत मामांचं नाव पहिलं होतं. फाइल उघडली, मेमो दिसला, फाइल मिटली. मामा परिचर म्हणून लागले आणि आज परिचर म्हणून निवृत्त होतायत. मला हे चौदा वर्षं ठाऊक नव्हतं. मामांना ठाऊक होतं. आणि रोज सकाळी "गुड मॉर्निंग मॅडम" चालूच.

मामा, मान वर करा हो. निरोप तुमचा आहे, खाली मान मी घालायची आहे.

आता गंमत ऐका. गंमतच आहे, मी आज सकाळपासून एकटीच हसतेय, नवरा म्हणाला ताप आहे का बघ.

आमची ती बुरशी गेली काही वर्षं आळसावत चालली होती. आम्ही तिला बटाट्याचा काढा आणि साखर देऊन सांभाळत होतो, दर तीन महिन्यांनी नव्या ताटात. तिचं एन्झाइम मात्र दर वर्षी कमी, कमी, कमी. कारण उघड आहे. आयती साखर मिळत असेल तर कापूस कोण तोडत बसेल? अहो, घराघरांत हीच कथा आहे. मूळचा जोमदार साठा अतिशीत फ्रीजमध्ये होता, म्हणून आम्ही निश्चिंत. मे महिन्यात सलग सुट्ट्यांत फ्रीज बंद पडला. सगळं वितळलं, सगळं गेलं. उत्कर्षाची पीएच.डी. त्या साठ्यावर, विक्रमशेठचा प्रकल्प त्यावर. तीन महिने आम्ही ताटातल्या त्या आळशी बुरशीला जागवायचा प्रयत्न केला. आठ दिवसांपूर्वी उत्कर्षा माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅम, आय थिंक स्ट्रेन गेला. सॉरी. माझी चार वर्षं पण गेली." आणि तिथेच खाली बसली.

त्या दिवशी मामा आपलं कपाट रिकामं करत होते, किल्ली जमा करायची होती. त्यांनी ते ऐकलं. आत आले, आणि माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. तिच्यात कापूस आणि कापसावर हिरवट थर.

"हा बाविसावा बोळा," मामा म्हणाले.

मला काही कळेना. म्हणाले, "तीच आहे. चौदा नंबरची. दर वर्षी नव्या बोळ्यावर घेतो. दवाखान्याच्या कापसाचा तो गठ्ठा संपायला सतरा वर्षं लागली, नंतरचा मी औषधाच्या दुकानातून आणला."

मी विचारलं, "मामा, पण कशासाठी? बावीस वर्षं?"

मामांनी बाटली सरळ केली. म्हणाले, "मॅडम, मेमो फाइलीत आहे ना अजून? मग पुरावा नको कपाटात?"

"आणि दर वर्षी कधी बदलायचात?"

"अकरा ऑगस्टला. तारीख लक्षात राहते."

"मग दाखवलात का नाही कधी?"

"कुणी विचारलं नाही."

मंडळी, या माणसाने बावीस वर्षं एका बुरशीला साखरेचा कण दिला नाही. कापूस तोडशील तर खाशील, एवढाच करार. जगातल्या नामांकित प्रयोगशाळा लाखमोलाच्या फ्रीजमध्ये जे राखू शकत नाहीत ते यांनी एका लोखंडी कपाटात, डब्याच्या पिशवीमागे राखलं. आणि शास्त्रासाठी नाही हो! मी त्यांच्यावर खोटा ठपका ठेवला होता म्हणून. मी वेळेवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर मामांनी ती बाटली तेव्हाच धुऊन टाकली असती, आणि आज आमच्यापाशी काहीही उरलं नसतं. यावर हसावं की रडावं? आठ दिवस मी दोन्ही आलटून पालटून करतेय.

पण जपून. बाटलीतली बुरशी जिवंत आहे हे सोमवारी कळलं, उगवली ती. तिची खाण्याची ताकद टिकली का, हे कळलेलं नाही. त्यासाठी ही थाळी. थाळीत सेल्युलोजचा थर आहे. लाल रंग सेल्युलोजला धरतो. बुरशीने भोवतालचं सेल्युलोज तोडलं असेल तर तिथे रंग धरायला काही उरत नाही, लालावर फिकट गोल उमटतो. नसेल तोडलं, तर थाळी लालच्या लाल. डावीकडे आमची लाडावलेली, उजवीकडे मामांची.

आणि अध्यक्ष महाराज, माझ्या पर्समध्ये एक अर्ज आहे. राष्ट्रीय संग्रहात एखादी बुरशी कायमची जमा करायची तर तो भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, "प्रथम शोधून वेगळी करणारी व्यक्ती." बावीस वर्षांपूर्वी मी तिथे स्वतःचं नाव घालणार होते, जमा करायचं राहिलं म्हणून वाचले. आज तो रकाना कोरा आहे. तिथे कुणाचं नाव जाणार ते मी सांगायला नको. पण मेलेली किंवा नुसती शोभेची बुरशी ते घेत नाहीत. उजवीकडे गोल उमटला तर ते नाव जगाच्या पाठीवर कायम राहील. नाही उमटला तर मामांना शाल, श्रीफळ, घड्याळ आणि वडा. म्हणून मी मघापासून या दाराकडे बघतेय.

किती झाली? तेरा? मामांच्या आणखी गोष्टी सांगू? आमच्या प्रयोगशाळेत कोणी मोठ्याने बोललं की मामा म्हणायचे, "हळू बोला, ती वाढतेय." पाहुण्यांनी विचारलं, इथे काय संशोधन चालतं, तर मामांचं उत्तर ठरलेलं, "आम्ही अन्न नासवतो. पद्धतशीरपणे." नम्रताला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा पेढे आणले आणि म्हणाले, "मुलगी सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढते. तिला पगारही देतात त्याचा." ते माझ्याकडे बघून म्हणाले होते का? तेव्हा नाही वाटलं. आता वाटतंय.

आली! उत्कर्षा, धावू नकोस, थाळी सांड… नाही, धाव. धाव! पोरीचा चेहरा बघा कुणीतरी, मला चष्म्यातून काही दिसत नाहीये. हातात दे. उजेडात धर.

अगं बाई.

सर, बघा. तुम्ही बघा आधी, तुम्ही अध्यक्ष. डावीकडे आमची. भोवती एवढीशी रेघ, असून नसल्यासारखी. आणि उजवीकडे, मंडळी, अंगठ्याएवढी बुरशी आणि तिच्याभोवती बिस्किटाएवढा फिकट पिवळा स्वच्छ गोल! एवढा तर माझ्या प्रबंधातल्या फोटोतही नव्हता! विक्रमशेठ, दगडं बंद करा. उत्कर्षा, रडू नकोस, तुझी चार वर्षं परत आली. तोंड पूस. ओढणीने नको, हाताला रंग आहे. गेली ओढणी. जाऊ दे.

मामांना दाखवा. द्या त्यांच्या हातात.

काय? काय म्हणालात मामा? माईक जवळ न्या जरा. ऐकलंत का सगळ्यांनी? मागे ऐकू आलं नसेल तर मी सांगते. तीस सेकंद थाळीकडे बघून रोकडेमामा विचारतायत, "हे ठीक आहे. पण कोरी थाळी केली होती का?"

उत्कर्षा, केली होतीस का? केली होती म्हणते. दाखव त्यांना. काही न लावलेली, तोच थर, तोच रंग. लालच्या लाल. एक ठिपका नाही.

मामांनी मान हलवली. मंडळी, आता प्रयोग मान्य झाला. आता टाळ्या.

बसा, बसा. दोनच मिनिटं. पेन द्या. "प्रथम शोधून वेगळी करणारी व्यक्ती: कचरू सोनबा रोकडे, पुणे." अर्जावर थोडा लाल डाग पडला, पण संग्रहवाल्यांना सवय असेल. आणि हा दुसरा कागद. तो मी गोलाची वाट न बघता सकाळीच कार्यालयात देऊन आले, ही त्याची पोच. वाचते, तीनच ओळी आहेत. "दिनांक ११ ऑगस्ट २००३ रोजी माझ्या अर्जावरून श्री. रोकडे यांना देण्यात आलेला मेमो निराधार होता. कापूस चुकीचा मागवला तो मी. अर्ज मागे घेत असून तसे त्यांच्या सेवापुस्तकात नोंदवावे." यामुळे २०११ सालची जागा परत येत नाही. मला ठाऊक आहे. ते मी भरून देऊ शकत नाही.

आता आभार. अध्यक्षांचे, घंटा न वाजवल्याबद्दल. पाहुण्यांचे, त्यांच्या धीराबद्दल. उत्कर्षाचे. कांताबाई आणि नम्रता, तुमचे, कारण दर अकरा ऑगस्टला हा माणूस घरी उशिरा येत होता आणि का ते तुम्हाला ठाऊक असणार. वडे तळणाऱ्या मंडळींचे.

शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं की बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सभागृहाला मी ते रीतीप्रमाणे म्हणते. पण मामा, तुम्हाला रीत म्हणून म्हणत नाही. तुमच्याकडे मी एकाच चुकीची माफी मागते, आणि ती तुम्ही आज इथे द्यायलाच हवी असंही नाही. बावीस वर्षं मी घेतली, तुम्ही हवी तेवढी घ्या. फक्त एक विनंती आहे. पुढच्या अकरा ऑगस्टला बोळा बदलायची पाळी माझी. त्याआधी एकदा खडकीहून या आणि मला बोळा करायला शिकवा. उशीत घालण्यासारखा नको, खरा.

आणि हे माईकवर, सर्वांच्या देखत, माझ्या तोंडून एकदा व्हायला हवं. मामा, तो बोळा सैल नव्हता.

धन्यवाद.